जीवमात्रांशी नाते जोडणारे श्रीचक्रधर स्वामी

वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा हे अतिशय प्राचीन नगर आहे. कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या इ.स. १११४ च्या रतनपूर येथील शिलालेखात भाणारा या नावाने त्याचा उल्लेख येतो. या लेखानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, तेराव्या शतकात, याच नगरात एक परिव्राजक आला. त्याच्याजवळ संपत्ती नव्हती, शिष्यपरिवार नव्हता आणि कोणत्याही राजाचा आश्रय नव्हता. पुढे महाराष्ट्राने ज्यांना महानुभाव पंथाचे प्रवर्तक म्हणून ओळखले, ते हेच श्रीचक्रधर स्वामी होत.

स्वामींचे पूर्वायुष्य गुजरातेतील भरूच या बंदरात गेले. तेथील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपाळदेव म्हणून ते वाढले. महानुभाव परंपरेत त्यांचा अवतारकाळ इ.स. १२२१ पासून मानला जातो. त्यानुसार २०२१ मध्ये अष्टशताब्दी साजरी झाली. भरूच हे जैन बांधवांनाही पूज्य असलेले स्थान आहे. भगवान मुनिसुव्रतांचा शकुनिका विहार तेथेच होता आणि बाराव्या शतकात, कुमारपाळ राजाच्या काळात, मंत्री आम्रभट्ट याने त्याचा जीर्णोद्धार केला. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या एका घारीच्या कानी अंतसमयी नमस्कार मंत्र पडला, ती सिंहलद्वीपाच्या राजाची कन्या सुदर्शना होऊन जन्मली आणि पूर्वजन्माचे स्मरण होताच भरूचला आली, अशी त्या विहाराची कथा आहे. पक्षी, पारधी, मुनी आणि राजकन्या यांना एका धाग्यात ओवणारी ही कथा ज्या नगरात सांगितली जात होती, त्याच नगरात हरिपाळदेवांचे तारुण्य सरले.

हे तारुण्य आरंभी विरक्तीचे नव्हते. घरी वैभव होते, पत्नी कमळाइसा होती आणि द्यूताचा नादही होता. एकदा खेळात मोठी हार झाली. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे अलंकार मागितले आणि तिने ते देण्यास नकार दिला. त्या नकाराने त्यांना संसारातील नात्यांचे स्वरूप उमगले. आपण ज्याला प्रेम म्हणतो, त्यात देण्याघेण्याचा हिशेब किती आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात खोल रुतला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. वाटेत अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यांना श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन घडले. गोविंदप्रभूंच्या हातून मिळालेल्या प्रसादाने त्यांच्या जीवनाची दिशा पालटली आणि हरिपाळदेवांचे चक्रधर झाले.

यानंतरचा काळ एकाकी भ्रमणाचा आहे. लीळाचरित्राचा जो भाग एकांक म्हणून ओळखला जातो, त्यात या वर्षांचे वर्णन आले आहे. सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी दीर्घकाळ तपाचरण केले. पुढे रानावनांतून आणि गावोगावी ते फिरत राहिले. भिक्षेचे अन्न आणि झाडाखालचा निवारा एवढ्यावरच त्यांची उपजीविका चाले. याच भ्रमणात ते भंडाऱ्यास आले आणि येथे नीळभट्ट या विद्वान ब्राह्मणाशी त्यांची भेट झाली. स्वामींच्या सहवासाने नीळभट्टांचे मन असे वेधले गेले की घरदार सोडून ते त्यांच्यासोबत निघाले. महानुभाव वाङ्मयात ते नीळभट्ट भांडारेकार म्हणून अमर झाले आहेत. गाव सोडणाऱ्याच्या नावाशी गाव कायमचे जोडले गेले. स्वामींच्या आरंभीच्या अनुयायांत या जिल्ह्याच्या सुपुत्राला स्थान आहे, ही भंडारावासीयांना अभिमानाची गोष्ट होय.

स्वामींच्या भ्रमणकाळातील सशाची लीळा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. स्वामी एका झाडाखाली बसले असता शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली दडला. मागोमाग पारधी आले. या सशावर त्यांची पैज लागलेली होती. ससा हाती आला नाही तर आपसांत शस्त्रे चालतील आणि रक्त सांडेल, असे त्यांचे सांगणे होते. प्रसंग कठीण होता. एका बाजूला मुका जीव, दुसऱ्या बाजूला सशस्त्र आणि संतप्त माणसे, आणि मध्ये निःशस्त्र संन्यासी. स्वामींनी शरण आलेल्या जीवाला सोडून देण्याचे नाकारले. मात्र त्यांनी पारध्यांचा धिक्कारही केला नाही. रानात राहून गवत खाणाऱ्या आणि कोणाचेही काही न बिघडवणाऱ्या जीवाला मारण्याचे प्रयोजन काय, हे त्यांनी शांतपणे समजावले. पारध्यांचे मन द्रवले आणि त्यांनी हिंसा सोडली. ते निघून गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि एखाद्या थोर पुरुषाला निरोप द्यावा तशा आदराने त्या सशाला वाट मोकळी करून दिली.

या लीळेचे मर्म केवळ दयेत नाही. दया करणारा बहुधा स्वतःला वर आणि समोरच्याला खाली मानतो. येथे ससा व पारधी हे दोघेही स्वामींच्या दृष्टीने जीवच होते. एकाला मरणापासून वाचवायचे होते आणि दुसऱ्याला मारण्यापासून. सशाचे रक्षण झाले नसते तर पारध्यांचेही रक्षण झाले नसते. एका जीवाचे हित दुसऱ्याच्या हिताशी कसे गुंतलेले असते, याचा हा जिवंत पाठ होय.

स्वामींच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व स्वतंत्र मानलेले आहेत. सर्व काही एकच आहे, असे ते सांगत नाहीत. प्रत्येक जीव वेगळा आहे, त्याचे कर्म त्याचे आहे आणि त्याचे बंधनही त्याचेच आहे. जैन दर्शनही अनंत स्वतंत्र जीव मानते, परंतु जगन्नियंता परमेश्वर मानत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. तरीही जीव वेगळे असूनच एकमेकांच्या उपयोगी पडतात, ही उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आलेली शिकवण आणि स्वामींचे आचरण यांची भेट वाटेवर कोठेतरी होतेच. वेगळेपण टिकवून जोडलेले नाते अधिक जबाबदारीचे असते, कारण त्यात दुसऱ्याचे दुःख आपले नसतानाही आपलेसे करावे लागते.

पुढे पैठण येथून स्वामींच्या कार्याला पंथाचे रूप आले. नागदेवाचार्य, महदाइसा, बाइसा, उमाइसा, आबाइसा असे अनुयायी जमले. स्त्रियांना संन्यासाचा आणि मोक्षाचा अधिकार पुरुषांइतकाच आहे, हे स्वामींनी त्या काळात ठामपणे मांडले. रजोदर्शन हा देहाचा इतर स्रावांसारखाच एक धर्म असून त्याचा विटाळ मानू नये, असे त्यांनी शिकवले. भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागावी, हा त्यांचा दंडक होता. आपल्यामुळे मुंगीच्याही संसाराला धक्का लागू नये, इतक्या सूक्ष्म अहिंसेची अपेक्षा त्यांनी अनुयायांकडून केली. अशा शिकवणीमुळे प्रतिष्ठितांचा रोष ओढवला आणि स्वामींना मोठा छळ सोसावा लागला. अखेर ते उत्तरापंथे निघून गेले, असे परंपरा सांगते.

त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या आठवणी गावोगाव फिरून म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. त्यांनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशोबासांनी दृष्टांतपाठात संकलित केले. त्यात आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. डोळस मनुष्यालाच पूर्ण हत्ती दिसतो, असा बोध स्वामी त्यातून देतात. अनेकांतवाद समजावताना जैन आचार्यही हाच दृष्टांत देतात आणि प्रत्येकाच्या अनुभवातील सत्यांशाचा आदर करण्यास शिकवतात. एकच कथा दोन परंपरांत दोन बाजूंनी उजळते, यावरून विचारांचेही परस्परांशी नाते असते हे ध्यानी येते.

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वरच्या तलावाचे भरून सांडलेले पाणी खालच्या तलावात उतरते आणि त्यावर पुढच्या गावाचे धान पिकते. प्रत्येक तलावाची पाळ वेगळी आहे, पण वरच्या गावाने पाणी अडवले तर खालचे शेत कोरडे पडते. नीळभट्टांच्या या भूमीला चक्रधरांची शिकवण समजण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. आपली पाळ नीट राखावी आणि खाली जाणाऱ्या पाण्याची वाटही मोकळी ठेवावी, एवढे आचरणात आले तरी आठशे वर्षांपूर्वी या वाटेने गेलेल्या त्या परिव्राजकाचे स्मरण सार्थकी लागेल.