कोयनेलच्या झाडापाठी गेलेला माणूस

कोयनेलच्या गोळीचा कडवटपणा आठवणाऱ्या पिढीलाही रिचर्ड स्प्रूस हे नाव सहसा माहीत नसते. यॉर्कशायरमधल्या एका शाळामास्तरांचा हा मुलगा १८१७ मध्ये जन्मला. स्वतः काही वर्षे गणित शिकवले; पण प्रकृती तोळामासा आणि जीव सारा मॉस, लिव्हरवर्ट असल्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या वनस्पतींत. १८४९ मध्ये ते ॲमेझॉनच्या मुखाशी उतरले आणि पंधरा वर्षे दक्षिण अमेरिकेतच राहिले.

तिथल्या वर्षावनात पाणी मुबलक, उजेड मात्र वर शेंड्याला आणि कस मातीच्या पातळ थरात. म्हणून प्रचंड वृक्षांची मुळेही उथळ पसरतात आणि बुंध्याला उभ्या फळ्यांसारखे आधार फुटतात. वेली स्वतःचे खोड पोसण्याऐवजी दुसऱ्याच्या खांद्यावरून उजेड गाठतात. कित्येक पानांना आपल्या पिंपळासारखे लांब टोक असते. त्यावरून पाणी निथळते. तरीही पानांवर लिव्हरवर्ट उगवतातच. त्यांतल्या अनेकांच्या इवल्या पानांना खालून दुमडलेल्या पिशव्या असतात. पाऊस थांबला की त्यांतले पाणी कामी येते. स्प्रूस रमले ते इथे.

१८५४ मध्ये ओरिनोकोकाठी हिवतापाने त्यांना मरणाच्या दारात नेले. कोयनेलने वाचवले. सहा वर्षांनी ब्रिटिश सरकारसाठी त्याच औषधाचे झाड शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा पाठ आणि पाय जवळजवळ लुळे पडले होते. तरीही इक्वाडोरमध्ये चिंबोराझोच्या पश्चिम उतारावरील दमट अरण्यातून त्यांनी तांबड्या सालीच्या सिंकोनाच्या सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून अधिक रोपे मिळवली. निलगिरीतल्या लागवडीत त्यांचा मोठा वाटा आहे. (झाड क्विनाइन आपल्यासाठी बनवत नाही. साल खाणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी ते असावे. आम्ही डॉक्टर हे सोयीस्करपणे विसरतो.) ज्या देशाचे हे झाड, त्याच्या हाती काय लागले, हा प्रश्न मात्र उरतोच.

स्प्रूस यांच्या हातीही फारसे लागले नाही. १८६१ मध्ये पैसे ठेवलेली पेढी बुडाली आणि आयुष्याची पुंजी गेली. १८६४ मध्ये ते मायदेशी परतले. पेन्शन अखेरीस वर्षाला शंभर पौंडांपर्यंत पोचली. जन्मगावाजवळच्या छोट्या घरात, फार वेळ बसवत नसतानाही, त्यांनी ॲमेझॉन आणि अँडीजमधल्या लिव्हरवर्टवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो १८८४-८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ च्या डिसेंबरात ते गेले.