मिरजेचे डॉक्टर वानलेस

आमच्या बाजूच्या लोकांनी मिरजेची गाडी धरावी ती दोन कारणांसाठी, असे एके काळी जणू ठरून गेले होते. एक तंबोरे घेण्यासाठी, नाहीतर डोळ्यांतील मोतीबिंदू काढून घेण्यासाठी. यांतील दुसरे कारण ज्यांच्यामुळे उत्पन्न झाले, ते विल्यम जेम्स वानलेस या भूमीतले नव्हते.

त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यक शिकून १८८९ साली पत्नी मेरी यांसह ते हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस लहानसा दवाखाना घातला. पुढे मुक्काम मिरजेस हलविला. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते आणि ख्रिस्ताचा उपदेश हाही त्यांच्या कार्याचा भाग होता. देवळाच्या पत्रिकेत आम्ही हे झाकून ठेवीत नाही, कारण लोकांपुढील पेच नेमका येथेच होता. परधर्मीयाच्या हातचे औषध पोटात घ्यावे काय? त्याच्या शस्त्राखाली आपला माणूस निजवावा काय?

या पेचातून वाट काढली ती मोतीबिंदूने, असे आम्हांस वाटते. पोटातील गाठ काढली तर ती शेजाऱ्यास दिसत नाही. परंतु हात धरून नेलेली आजी स्वतःच्या पायांनी परत आली आणि सुनेस तोंडावरून ओळखू लागली, म्हणजे साऱ्या गावास साक्ष पटते. मग तेथे वाद उरत नाही.

मिरज संस्थानाने दिलेल्या जागेवर १८९४ साली रुग्णालय उभे राहिले. इमारतीसाठी द्रव्य दिले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या कारखान्याचे प्रमुख. आणि मिरजेस रुग्ण दुरून येऊ शकले तेही ते रेल्वेचे जंक्शन होते म्हणूनच! १८९७ साली डॉक्टरांनी तेथे वैद्यकशाळाही काढली. आपल्या एकट्याच्या हातांनी हे काम पुरे होणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखले.

मेरीबाई त्यांच्या आधी निवर्तल्या. कोल्हापुरातील रुग्णालयास त्यांचे नाव दिले गेले. महारोग्यांसाठीही मिरजेत सोय झाली. क्षयाच्या रोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झाले, तीच वानलेसवाडी.

१९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली कॅलिफोर्नियात वारले. वानलेसवाडीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या पुष्कळांस, हे नाव एका माणसाचे होते, हेही ठाऊक नसते.