पंचवीस रुपयांचे ऋण



जून महिना उजाडला की आमच्या शाळेत दाखल्यांची धावपळ सुरू होते. कोणाचा उत्पन्नाचा दाखला राहिलेला असतो, कोणाचे बँकेतले खाते बंद पडलेले असते, तर कोणाच्या घरी अर्जाची मुदत कधी संपली हेच ठाऊक नसते. हे पाहताना मला माझेच घर आठवते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझ्या वडिलांना अर्ज करणे म्हणजे कोणापुढे तरी हात पसरणे वाटे. गावकीच्या भाकरीची लाज ज्यांनी सोसली, त्यांना शिष्यवृत्तीही तशीच भासली तर नवल नाही. ही समजूत आपल्या कित्येक नवदीक्षित कुटुंबांत आजही आहे. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आज थोड्या वेगळ्या बाजूने तुमच्यापुढे ठेवतो. त्यांनी कोणाकडे मदत मागितली, काय मिळाले, त्याबदली काय लिहून दिले आणि मिळालेल्याचे पुढे काय केले, एवढेच पाहू या.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीवर आले आणि काही वर्षांनी हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला, परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. खोली एक आणि माणसे पुष्कळ. रामजीबाबा रात्री दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर सासरी असलेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत देत. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पैसा नाही. तो त्यांच्याकडेही नव्हता. परंतु मुलाचे पुस्तक हा घरातला पहिला खर्च, असे त्या बापाने ठरविले होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने हे साध्य केले म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक तेथे उपस्थित होते. बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज त्या सभेत पडले.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरची परीक्षा पास होईपर्यंत रामजीबाबांची शक्ती संपली. आता शिक्षण थांबणार अशी वेळ आली. तेव्हा हेच केळुसकर गुरुजी पुढे झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी दाखविली होती. गुरुजी भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, भीमरावांनी त्यांची नीट उत्तरे दिली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्रोफेसर मुल्लर यांनी पुस्तके व कपडे दिले. अशा रीतीने १९१२ साली बी. ए.ची परीक्षा झाली.

येथे क्षणभर थांबा. महाराजांनी मदतीची तयारी दाखविली होती, पण ती भीमरावांच्या दारी आपोआप चालत आली नाही. ती बातमी ठेवणारा, मुलाची योग्यता जाणणारा आणि त्याला सोबत घेऊन जाणारा एक माणूस मध्ये होता. आपल्या वस्तीत असा माणूस कोण आहे? कोणी नसेल तर तो तुम्हीच व्हावे लागेल.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. घरी पोहोचले तेव्हा बाबा शेवटच्या घटका मोजीत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. दागिने गहाण ठेवून शिकविणारा बाप मुलाचे पुढचे यश पाहण्यास उरला नाही.

त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. भीमराव त्यांना भेटले. महाराजांनी अर्ज करण्यास सांगितले, त्यांनी अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात त्यांनी करारावर सही केली. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. म्हणजे हे दान नव्हते. एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला जबाबदारी, असा तो लेखी व्यवहार होता. भीक घेणाऱ्याकडून कोणी करार लिहून घेत नाही.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. एवढ्याशा रकमेत राहायचे, शिकायचे आणि त्यातूनच घरी रमाबाईंना पाठवायचे. पोटाला चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध त्यांनी तेथे वाचला आणि त्याच वर्षी पीएच. डी.चा प्रबंध सादर केला. तीन वर्षांतला एक दिवसही वाया जाऊ दिला नाही.

त्यानंतर लंडन. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. प्रोफेसर सेलिग्मन यांनी कोलंबियाहून त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिले होते. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, ते लक्षात ठेवा. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली. पैसा संपला, पण दार बंद होऊ दिले नाही.

कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले. अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला साऱ्या शहरात राहण्यास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांना राहावे लागले. कचेरीत शिपाई दुरून कागद फेकीत आणि पिण्याचे पाणी मिळत नसे. एके दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव धर्मशाळेवर आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. महाराजांना कळविले, प्रकरण दिवाणांकडे गेले, दिवाणांनी असमर्थता दाखविली. डोळ्यांत पाणी घेऊन बाबासाहेब मुंबईस परतले. दहा वर्षांचा करार काही दिवसांत मोडला. तो त्यांनी मोडला नाही, जातीने मोडला. पदवी मिळाली, पोषाख बदलला, तरी हिंदू समाजाच्या लेखी माणूस बदलत नाही, हे त्यांना त्या शहरात कळले. आपण धम्म का स्वीकारला, याचे उत्तर मुलांना देताना बडोद्याची ही हकीकत सांगत जा.

आता शिष्यवृत्ती नव्हती. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठविले. १९२० साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ पत्राला अडीच हजार रुपये दिले आणि पुढे लंडनच्या शिक्षणासही हातभार लावला. पाच हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ दिले. ज्या समाजातील जमावाने हाकलले, त्याच समाजातील मित्राने हात दिला, हेही विसरू नका. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी, असे सर्व पुरे करूनच ते थांबले. १९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला, शिक्षणास केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्यात अपमान झाला, परंतु पंचवीस रुपयांचा विसर पडला नाही.

खरी परतफेड मात्र पुढेच आहे. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयना सविस्तर निवेदन दिले आणि आपल्या मुलांच्या उच्च व परदेशी शिक्षणासाठी पैशाची मागणी केली. तोही एक अर्जच होता, फक्त एका मुलासाठी नव्हता, साऱ्या समाजासाठी होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. जिला आज आपण भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो, ती हीच. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. नावे बुद्धांची आणि मिलिंद राजाची. दीक्षेपूर्वीच त्यांनी विद्येला धम्माचे नाव दिले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मागे एक अडचण उरली. बौद्ध झालेल्यांच्या सवलती गेल्या. फॉर्मवर बौद्ध लिहिले तर शिष्यवृत्ती जाईल आणि न लिहिले तर दीक्षेला बट्टा लागेल, असा पेच हजारो घरांत पडला. महाराष्ट्र राज्याने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हा आज भीतीपोटी मुलाच्या दाखल्यावर जुना धर्म ठेवण्याचे काहीही कारण नाही. धर्म बौद्ध लिहा आणि हक्कही घ्या.

बंधू-भगिनींनो, आता तुमच्याकडे वळतो. जातीचा दाखला मुलगा दहावीत असतानाच काढून ठेवा. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तोही वेळेवर मागा. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पुस्तक एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कोठे आहे हे घरातल्या आईलाही ठाऊक असू द्या. दाखल्यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते पाहा. महाराष्ट्रात अर्ज आता संगणकावर, महाडीबीटीवर भरायचा असतो. भरल्यावर त्याची प्रत घ्या आणि तो कॉलेजातून पुढे गेला की नाही याची चौकशी करा. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्याची शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राचीही आहे. कोणी अर्ज परत केला तर कारण लेखी मागा. बाबासाहेबांनी लंडनची परवानगी हातात घेतल्याशिवाय बोट धरली नाही, हे आठवा.

आणि विहारात जमता तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे या कामाला द्या. शिकलेल्या एकाने पाच मुलांचे अर्ज भरून द्यावेत. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दल खंत बोलून दाखविली होती, कारण शिकून ते समाजाला विसरले होते. माझ्यासारख्या नोकरदाराला ती खंत आजही लागू आहे. मी शिष्यवृत्तीवर शिकलो. ज्या वर्षी मी एकाही मुलाचा अर्ज भरणार नाही, त्या वर्षी मी ते पैसे फुकट खाल्ले असे समजेन.

माझे वडील आता नातवाच्या दाखल्यासाठी स्वतः तहसील कचेरीत रांगेत उभे राहतात. परवा मी विचारले, लाज नाही ना वाटत? ते हसले, आणि पिशवीतले कागद पुन्हा एकदा मोजू लागले.

जयभीम.