माराची सेना आणि आचार्य धर्मानंद कोसंबी

भगवान बुद्धांच्या चरित्रात मार येतो, तो केवळ बाहेरून आलेला शत्रू नव्हे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात त्याच्या सेनांची गणना आहे. कामवासना, तहानभूक, आळस, भय, शंका यांच्या जोडीला तेथे लाभ, सत्कार आणि खोट्या मार्गाने मिळालेली कीर्तीही मोजली आहे. म्हणजे रणांगण आपल्याच चित्तात आहे. हे सुत्त मराठीत आणणाऱ्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे जीवन या अर्थाचे जणू भाष्यच होय.

गोव्यातील साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. बुद्धधर्माच्या ओढीने 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. काशीत अन्नछत्रावर जगून ते संस्कृत शिकले. पुढे नेपाळ व बुद्धगया पाहून ते सिंहलद्वीपास गेले आणि 1902 साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी प्रव्रजित झाले. कालांतराने ते गृहस्थाश्रमात परतले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले.

कसोटीचा क्षण तेथेच आला. कलकत्ता विद्यापीठात दरमहा 250 रुपये मिळणार होते. सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य अवघे 50 रुपयांचे होते. मात्र त्यात महाराष्ट्रात राहून बुद्धधर्मावर मराठीत लिहिण्याची मोकळीक होती. पत्नी बाळाबाई आणि दोन लहान मुले यांचा भार शिरावर होता. मोठ्या वेतनाचा मोह अयोग्यही म्हणता आला नसता. म्हणूनच तो अधिक बळकट होता. परंतु आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत धम्म सांगावा, हा संकल्प त्यांनी पैशांपुढे नमू दिला नाही. त्यांनी 50 रुपये स्वीकारले. बडोद्यातील व्याख्यानांतून 1910 साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले.

पुढे हार्वर्ड विद्यापीठाने विशुद्धिमग्गाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले. तेथील मान त्यांना बांधून ठेवू शकला नाही. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला आणि 1937 साली परळच्या श्रमिक वस्तीत बहुजन विहार उभारला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

मोहाला नकार देण्याचे बळ आयत्या वेळी उसने मिळत नाही. आपण कशासाठी जगतो हे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याच्या दारी मार येतो खरा. पण त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. वसतिगृहातून बाहेर पडून नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर हा 50 रुपयांचा निर्णय कधी ना कधी येणारच आहे.