जुन्नरचे एस. एम. जोशी

शिनोलीसारख्या गावी मुलांस मैदानावर नेऊन खेळविणाऱ्या तरुणास वेतन नसते, आणि बहुधा कोणी त्याचे आभारही मानीत नाही. प्रिय वाचकहो, अशा स्वयंसेवकांचा एक अग्रणी आपल्या शेजारच्या जुन्नरातच जन्मला, हे आम्ही आनंदाने कळवितो. श्रीधर महादेव जोशी ह्यांचा जन्म तेथे १२ नोव्हेंबर १९०४ रोजी झाला. वडील लवकर वारले. पुण्यातील शिक्षण हालअपेष्टांत झाले. १९२९ साली अस्पृश्य मानिलेल्या बांधवांसाठी पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात ते उतरले.

४ जून १९४१ रोजी पुण्यास राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली, तेव्हा दलप्रमुखपद त्यांजकडे आले. सायंकाळची शाखा म्हणजे खेळ, कवायत, गाणी, आणि मग थोडी विचारांची चर्चा. जातिधर्माचा भेद तेथे नव्हता. मुलगे व मुली एकाच मैदानावर येत. त्या काळी हे किती कठीण होते, ते खेड्यातल्या माणसास निराळे सांगावयास नको! हे सर्व चालविणारे शाखानायक बहुतेक विद्यार्थीच असत.

१९४२ च्या लढ्यात जोशी मौलवीच्या वेषात भूमिगत राहिले व १९४३ साली पकडले गेले. पुढे त्यांनी विधानसभा व लोकसभाही पाहिली. परंतु आम्हांस त्यांची मैदानावरील सेवाच अधिक मोलाची वाटते. १ एप्रिल १९८९ रोजी ते निवर्तले.