विल्हेल्म मायबाख : अनाथाश्रमातला मुलगा आणि आपल्या गाडीचा कार्बोरेटर



लुना किंवा जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर तुमच्या घरी कधी ना कधी असेलच. नेमकी शाळेच्या वेळेला ती चालू होत नाही. किक मारून मारून पाय दुखतो. आमच्या शिवाजी पेठेत मग माणूस गाडी ढकलत गल्लीतल्या गॅरेजवर जातो आणि मेस्त्री आधी कार्बोरेटर खोलायला घेतो. मूठभर आकाराचा हा भाग ज्याच्या डोक्यातून आजच्या रूपात आला, त्या माणसाची ओळख आज करून घेऊ. पाचवी ते सातवीच्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतार होते. विल्हेल्म लहान असतानाच आई गेली आणि वडीलही गेले. भावंडांची ताटातूट झाली. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे धर्मोपदेशक गरीब आणि अनाथ मुलांसाठी एक संस्था चालवत होते. विल्हेल्म तिथे आला.

या संस्थेत शाळा होती, तसंच यंत्रांचं वर्कशॉपही होतं. या मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे हे वेर्नर यांनी ओळखलं आणि त्याला वर्कशॉपमध्ये शिकायला घातलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हे लक्षात घ्या. गणित आणि भौतिकशास्त्र शिकण्यासाठी विल्हेल्म गावातल्या सार्वजनिक शाळेतही जायचा. एकोणिसाव्या वर्षी तो यंत्रांची रेखाटनं करणारा तयार माणूस झाला होता.

त्याच वर्कशॉपमध्ये गॉटलीब डाइमलर व्यवस्थापक म्हणून आले. ते वयाने बारा वर्षांनी मोठे होते. त्यांनी या मुलाला हाताशी धरलं आणि ही जोडी पुढे डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०० पर्यंत टिकली. १८८२ मध्ये दोघांनी कानश्टाट इथे डाइमलर यांच्या बागेतल्या काचघरात प्रयोग सुरू केले. आत रात्रंदिवस काय चाललंय ते कुणाला कळेना. हे लोक खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला आणि पोलीस आले, असं सांगतात. १८८५ मध्ये याच ठिकाणी लाकडी चौकटीची, पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार झाली. तिची ताकद होती फक्त अर्धा अश्वशक्ती!

आता खरी अडचण बघा. पेट्रोल तसंच ओतलं तर इंजिन चालत नाही. त्याची बारीक वाफ हवेत मिसळावी लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवरून हवा नेऊन त्याची वाफ मिळवत. पण हलका भाग आधी उडून जायचा आणि जड पेट्रोल मागे राहायचं. गाडीला हादरा बसला की मिश्रण बदलायचं.

१८९३ च्या सुमारास मायबाख कंपनीतून बाहेर पडून कानश्टाटमधल्या एका हॉटेलच्या जुन्या हॉलमध्ये काम करत होते. तिथे त्यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला. एका छोट्या भांड्यात तरंगणारा फ्लोट ठेवला. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट सुईने येणारी वाट बंद करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. भांड्यातून एक बारीक नळी, म्हणजे जेट, हवेच्या वाटेत उघडते. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. त्याच काळात हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही स्वतंत्रपणे असाच कार्बोरेटर केला होता, हेही मुलांना सांगायला हवं.

पुढे १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीची रचना मायबाख यांनी केली. तिला नाव मात्र एका श्रीमंत ग्राहकाच्या मुलीचं मिळालं, मर्सिडीज. १९०७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि १९०९ मध्ये झेपेलिन यांच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं करणारी कंपनी काढली. ती मुलगा कार्ल याने सांभाळली. २९ डिसेंबर १९२९ रोजी मायबाख यांचं निधन झालं.

आता आपल्या दाराशी येऊ. दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, चिकट थर उरतो आणि जेट तुंबतं. मोठ्या माणसाने, उघड्या जागेत, इंजिन थंड असताना आणि पेट्रोल कॉक बंद करून फ्लोटचं भांडं काढावं. जेट हवा मारून साफ करावं. तारेने टोकरू नये, कारण भोक मोठं झालं तर सगळं माप बिघडतं. एअर फिल्टर धुवावा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. मग इंजिन गरम झाल्यावर ते सावकाश पण एकसारखं चालेल असं थोडं थोडं फिरवावं. प्लग काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी. कमी जाणं जास्त धोक्याचं, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी होतं आणि पिस्टन जाम होतो. विटकरी रंग दिसला की सेटिंग जमलं.

हे सगळं मी शिकले ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या गॅरेजवर. मुलगा वाचनात मागे होता. गॅरेजमुळेच असं होतंय असं समजून, त्याला तिथे बसू देऊ नका, असं मी पालकसभेत चारचौघांत सांगून बसले होते. एकदा माझीच गाडी बंद पडली. वडील खोलत होते आणि तो मुलगा शेजारी बसून प्रत्येक भागाचं नाव आणि काम मला सांगत होता. न अडखळता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच भागांची नावं फळ्यावर लिहिली आणि त्याला वाचायला उभं केलं. वेळ लागला, पण त्याने वाचली. आता त्याच शब्दांची वाक्यं करतोय.

वेर्नर यांनी मुलाला वर्कशॉप दिलं, पण गणिताचा वर्ग सुटू दिला नाही. आपल्याला दोन्ही द्यायचं आहे.

वर्गासाठी कृती : पेल्यात रंगीत पाणी घ्या. एक स्ट्रॉ त्यात उभी धरा, तिचं टोक पाण्याच्या जरा वर राहू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंका. पाणी वर चढून फवारा उडेल. मुलांना आधी कारण सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.