Explainer : मराठीत अवतरणचिन्हं आली कुठून? मेजर कँडींची गोष्ट
नाशिक, डिजिटल डेस्क : पेशवेकाळातलं एखादं मोडी पत्र पाहिलंय? गोपिकाबाई पेशवे आपल्या गंगापूरला राहायच्या, तेव्हाची पत्रं अशीच लिहिली जायची. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह तर नाहीच. कोणाचं बोलणं कुठं संपलं, हे कळायचं ते म्हणोन किंवा ऐसें या शब्दांवरून.

हे बदलण्यात मोठा वाटा एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा आहे. थॉमस कँडी यांचा जन्म 1804 चा, इंग्लंडमधला. कंपनीच्या फौजेत ते भारतात आले आणि मराठीत रमले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये छापला गेला, त्यात थॉमस आणि त्यांचे भाऊ जॉर्ज यांची मदत होती. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पूर्ण केला, 1847 मध्ये. पुण्याच्या पाठशाळेचे ते प्रमुखही होते.

1850 मध्ये त्यांचं छोटं पुस्तक आलं, विरामचिन्हांची परिभाषा. कुठं थांबायचं, किती थांबायचं, दुसऱ्याचे शब्द कसे दाखवायचे, हे इंग्रजीच्या धर्तीवर त्यांनी मराठीत मांडलं. सरकारी शाळांची पुस्तकं त्यांच्या हाताखालून जायची, त्यामुळे ही चिन्हं थेट वर्गात पोहोचली.

आता नेहमीचा घोळ : पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर? मराठीत बोलणाऱ्याचं पूर्ण वाक्य असेल तर आत. वाक्यातला एखादाच शब्द चिन्हात असेल तर बाहेर. ब्रिटिश इंग्रजीतही साधारण असंच अर्थ पाहून ठरतं. अमेरिकेत मात्र स्वल्पविराम आणि पूर्णविराम सरसकट आत. (कोडिंग करणाऱ्यांना हे कधीच पटत नाही.) थेट बोलण्याला दुहेरी चिन्ह, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी, हे आपल्या शाळेतलं व्याकरण. आणि उघडलेलं चिन्ह बंद केलं नाही, तर बातमीत नेत्याचं विधान कुठं संपलं आणि वार्ताहराचं कुठं सुरू झालं, हे वाचकाला कळणारच नाही.

कँडींवर टीकाही झाली. त्यांच्या देखरेखीखालची मराठी इंग्रजी वळणाची, भाषांतरासारखी वाटते, असा आक्षेप होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण टीका करणाऱ्यांच्या लेखांतही स्वल्पविराम होतेच. कँडी मायदेशी परतले नाहीत. 1877 मध्ये महाबळेश्वरला त्यांचं निधन झालं.